फूटभर जाडीचा कठडा: युद्धनौकेच्या प्रतिकृतीतली जाडी कशी उतरवायची

कारवारला रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपल ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे. बेळगाव-खानापूरकडून पहाटे निघाले की ती नीट पाहून रात्री घरी परतता येते. युद्धनौकांच्या प्रतिकृती करू पाहणाऱ्याने तिथे क्षेपणास्त्रांच्या पेट्यांचे फोटो काढावेतच, पण त्याआधी जाडी पाहावी. कठड्याचा खांब अंगठा आणि एका बोटाच्या कवेत मावतो. आडोशाचा पत्रा काही मिलिमीटरचाच असतो. शिडीची पायरी, केबलची नळी, झेंड्याचा दोर, सगळे माणसाच्या हाताच्या मापाचे. नौका अवाढव्य आणि तिच्यावरच्या वस्तू बारीक, या दोन मापांमधल्या अंतरामुळेच ती मोठी दिसते. प्रतिकृतीत मोठे माप किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, बनवणारा कारखाना बरोबर देतो. बारीक माप त्याला देता येत नाही, ते आपल्याला द्यावे लागते. या छंदात ज्याला डिटेलिंग म्हणतात ते मुख्यतः हेच काम आहे.

आधी हिशेब करू. जहाजांच्या किटमध्ये दोन प्रमाणे सर्वांत जास्त चालतात, १/७०० आणि १/३५०. पावणेदोन मीटरच्या आत-बाहेरचा माणूस १/३५० मध्ये जेमतेम ५ मिमी उंच होतो, १/७०० मध्ये जेमतेम अडीच मिमी. कठड्याचा खांब खऱ्या नौकेवर ३५ ते ४० मिमी जाड धरला, तर १/३५० मध्ये तो ०.१ मिमी आणि १/७०० मध्ये ०.०५ मिमी हवा. पण किटचे सुटे भाग वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात भरून काढतात. साच्यातली वाट फार अरुंद असली की प्लॅस्टिक टोकापर्यंत जाण्याआधीच थिजते, आणि पोहोचलेच तर साच्यातून सोडवताना मोडते. त्यामुळे बारीक काठीची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थांबते. अर्धा मिलिमीटर गुणिले ७०० म्हणजे ३५० मिमी. खऱ्या नौकेवर अंगठा आणि बोटाच्या कवेत मावणारा खांब किटमध्ये फूटभर जाडीचा होतो. म्हणून १/७०० च्या बहुतेक किटमध्ये कठडे देतच नाहीत, आणि काही जुन्या किटमध्ये दिलेले कठडे कुंपणाच्या भिंतीसारखे दिसतात.

हा एक गुणाकार मनात पक्का ठेवला की पुढचे प्रत्येक काम का करायचे ते कळते. कुठलाही भाग उचलायचा, कॅलिपरने जाडी मोजायची आणि प्रमाणाने गुणायची. उत्तर हास्यास्पद आले तर तो भाग बदलायचा किंवा घासून पातळ करायचा. ठीक आले तर तसाच ठेवायचा.

किट कोणते घ्यावे

जुनी आयएनएस विक्रांत २१३ मीटर लांब होती. १/७०० मध्ये ती ३० सेंमी होते, १/३५० मध्ये ६१ सेंमी. २०२२ साली नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत २६२ मीटर आहे, म्हणजे अनुक्रमे ३७ आणि ७५ सेंमी. घरातली शोकेसची फळी आधी मोजा. पाऊण मीटरची नौका बांधून झाल्यावर ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडला की ती कपाटावर जाते, आणि कपाटावर गेलेली प्रतिकृती वर्षभरात धुळीने संपते.

पहिले किट म्हणून विनाशिका (डिस्ट्रॉयर) घ्यावी, लढाऊ जहाजांतले राक्षस नको. अमेरिकेच्या फ्लेचर वर्गाच्या विनाशिका ११५ मीटरच्या होत्या, एकूण १७५ बांधल्या गेल्या. त्यामुळे त्यांची छायाचित्रे आणि आराखडे विपुल आहेत. टामिया या जपानी कंपनीची फ्लेचर १/३५० मध्ये ३३ सेंमीची होते, आणि तिच्यात भागांची जुळणी इतकी चोख आहे की नवशिक्याची चूक ही नवशिक्याचीच असते, किटची नसते. शिकताना ही गोष्ट फार मोलाची. बिस्मार्क किंवा यामातो यांसारख्या महाकाय युद्धनौकांची पहिल्याच वेळी घेतलेली बरीच किटे अर्धवट राहतात. कारण अवघडपणा नव्हे, संख्या. एकाच नमुन्याची विमानविरोधी तोफ दहा-दहा, वीस-वीस वेळा जुळवताना हात आणि मन दोन्ही थकतात.

१/७०० ची बरीच किटे सपाट तळाची, म्हणजे पाण्याच्या रेषेपर्यंतचीच असतात. १९७१ साली जपानमधल्या शिझुओका इथल्या चार उत्पादकांनी मिळून ही वॉटरलाइन मालिका सुरू केली आणि नौका वाटून घेतल्या. ज्याला पुढे समुद्र करायचा आहे त्याला सपाट तळ सोयीचा. स्टँडवर उभी करायची असेल तर पूर्ण तळाचे किट बघा.

हत्यारे आपल्याच गावात आहेत

परदेशी हॉबी हत्यारांच्या मागे लागण्याआधी बेळगावातल्या शहापूरच्या सोनारांकडे काय असते ते पाहा. बारीक टोकाचा चिमटा, सुईसारख्या कानशी, हाताने फिरवायचे छोटे गिरमिट, केसाएवढ्या पात्याची करवत, डोळ्याला लावायचे भिंग. या छंदाची निम्मी पेटी इथेच भरते. चिमटा घेताना दोन्ही टोके उजेडाकडे धरून मिटून पाहा. टोकांमध्ये फट दिसली तर घेऊ नका, कारण असा चिमटा ०.१ मिमीचा भाग पकडत नाही, उडवतो. उडालेला भाग फरशीवर सापडत नाही. मांडीवर जुनी चादर पसरून तिचे टोक टेबलाच्या कडेला चिकटवून बसले तर निम्मे भाग वाचतात.

गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो: ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचा घ्या. तिथलीच एनसी पुट्टी फटी भरायला चालते, पण तिच्यातले द्रावक प्लॅस्टिक मऊ करते, म्हणून एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. आणि दुसऱ्या दिवसाआधी घासू नये. ती सुकताना आकसते, घाईने घासलेली फट आठवड्याने परत खड्डा होऊन दिसते. एनसी थिनरने मात्र प्लॅस्टिक कधीही पुसू नका. पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोनही तसेच.

वाईंडिंगची तांब्याची तार तर गावोगाव आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३६ नंबरची तार मागितली तर ती ०.१९ मिमी असते, ४० नंबरची ०.१२ मिमी. हातभर तुकडा पुरतो. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, झाळायची असेल तर तो ब्लेडने खरवडावा लागतो. पाइप, शिड्यांचे हातधरे, नांगराजवळच्या कड्या यांना तांबे उत्तम, कारण ते वाकवाल तिथे वाकून राहते. याच गुणामुळे सरळ काठीसाठी ते वाईट. सरळ हवे तिथे पोलादी तार लागते. मिरजेच्या सतारमेकरांकडे मिळणारी सतारीची बाजाची तार सुमारे ०.३ मिमी असते, तरफेची त्याहून बारीक. डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांना यापेक्षा सरळ आणि ताठ वस्तू दुसरी नाही. ०.३ मिमी म्हणजे १/३५० मध्ये साडेदहा सेंमी, आडव्या काठीला शोभेल असे माप. पोलादी तार साध्या कटरने कापली की कटरच्या धारेला खाच पडते. तिला जुनी पक्कड ठेवा आणि कापताना तुकड्यावर बोट दाबून धरा, नाहीतर तो डोळ्याकडे येतो.

धड आणि आडोसे

सुटे भाग आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेले तेलकट द्रव्य राहिले तर रंग सोलून निघतो. भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यापासून तोडताना दोनदा कापा: पहिला काप लांबून, दुसरा जवळून. एकदम जवळ कापले तर प्लॅस्टिक ताणून पांढरे पडते किंवा टवका उडतो.

धड म्हणजे हल. ते काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहा. पुढचे किंवा मागचे टोक काचेपासून उचललेले दिसले तर धड वाकले आहे. हाताला सोसवत नाही इतक्या गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट धरून काचेवर दाबा आणि दाबलेल्या स्थितीतच गार पाणी ओता. हे डेक चिकटवण्याआधीच करायचे. नंतर केले तर डेकचा सांधा उघडतो.

पातळ सिमेंट, म्हणजे पाण्यासारखे वाहणारे प्लॅस्टिकचे द्रावक, भाग जुळवून धरल्यावर फटीच्या तोंडाशी ब्रशने टेकवायचे. ते केशाकर्षणाने आपोआप आत ओढले जाते. आधी लावून मग चिकटवले तर बाहेर ओघळते आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. जिथे सांध्यावर फट आहे तिथे मात्र मुद्दाम थोडे जास्त लावून दोन्ही बाजू दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर येते, ती दुसऱ्या दिवशी घासली की सांधा दिसतच नाही आणि पुट्टीही लागत नाही.

आता जाडी. तोफांभोवतीचे पोलादी आडोसे आणि पुलाच्या, म्हणजे नौका चालवतात त्या ब्रिजच्या, भिंतीची वरची कड किटमध्ये ०.६ ते ०.८ मिमी असते, १/३५० मध्ये पाव मीटर जाडीची भिंत. ती पूर्ण पातळ करायची गरज नसते, कारण नजर फक्त वरच्या कडेवर पडते. आतल्या बाजूने कड तिरकी घासून ०.२ मिमीपर्यंत आणा. बाहेरची बाजू घासू नका, तिथले खिळे आणि खुणा जातील. घासताना कड अधूनमधून उजेडाकडे धरा, प्लॅस्टिकमधून उजेड झिरपू लागला की थांबा. या एका कामाने किटचे रूप जितके बदलते तितके महागड्या सुट्या भागांनीही बदलत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि यात खर्च फक्त वॉटर पेपरचा.

गोल खिडक्या साच्यात उथळ खळगे म्हणून येतात. हाताच्या गिरमिटाने त्या खोल करा: १/३५० ला ०.८ मिमी, १/७०० ला ०.४ मिमीचे बिट. सर्किट बोर्डांसाठीचे कार्बाइडचे बिट धारदार, पण किंचित तिरके झाले तरी काडकन तुटतात आणि तुकडा भोकात अडकतो. पोलादी बिट थोडे वाकून घेते. प्रत्येक भोकाआधी सुईने मध्यबिंदू टोचा, नाहीतर बिट घसरते आणि खिडक्यांची ओळ दारूड्यासारखी चालते.

तोफेची नळी आणि इंजेक्शनची सुई

प्लॅस्टिकची तोफनळी भरीव असते, तिच्यावर साच्याची रेषा असते आणि ती घासली की नळी गोल राहत नाही. लेथवर कातलेल्या पितळेच्या नळ्या विकत मिळतात, त्या निमुळत्या असतात आणि टोकाला भोकही असते. मोठ्या तोफांसाठी त्याच घ्याव्यात. मध्यम तोफांसाठी मेडिकलच्या दुकानातली सुई चालते, कारण ती मुळातच पोकळ पोलादी नळी आहे आणि तिची मापे जगभर ठरलेली आहेत.

हिशेब कसा करायचा ते पाहू. १९५७ साली भारतीय नौदलात आलेल्या आयएनएस मैसूर या क्रूझरवर १५२ मिमीच्या तोफा होत्या. १/३५० मध्ये ते भोक ०.४३ मिमी. काळ्या टोपणाची २२ गेजची सुई बाहेरून ०.७२ आणि आतून ०.४१ मिमी, म्हणजे जवळजवळ बरोबर. १/७०० मध्ये भोक ०.२२ मिमी येते, तिथे करड्या टोपणाची २७ गेज: बाहेरून ०.४१, आतून ०.२१. एवढाच दोष की सुई टोकापासून बुडापर्यंत सारख्याच जाडीची, तोफनळी मात्र बुडाकडे जाड होत जाते. बुडाशी थोडी पुट्टी किंवा जाड सुईचा आखूड तुकडा बाही म्हणून चढवला की तो दोष झाकतो.

सुई पकडीने कापू नका, तोंड चपटे होऊन भोक मिटते. तिकोनी कानशीने भोवताली खाच पाडा आणि वाकवून मोडा, मग ६०० च्या पेपरवर तोंड सपाट करा. टोकदार भाग सगळ्यात आधी मोडून प्लॅस्टिकच्या बाटलीत बंद करा. नवीनच सुई वापरायची, हे सांगायला नको. पितळी नळ्या बाहेरून कातून घ्यायच्या तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही, पण अर्ध्या मिलिमीटरचे पितळ धरणारी कोलेट, म्हणजे लेथची बारीक पकड, सगळ्यांकडे नसते, आधी विचारून जा.

कठडे: सगळ्यात नाजूक काम

कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या यांसाठी पितळेचा पातळ पत्रा रसायनाने कोरलेला येतो. याला छंदातले लोक फोटो-एच म्हणतात. पत्र्यावर नक्षीचा फोटो उमटवतात, नको तो भाग आम्लासारखे द्रावण खाऊन टाकते. साच्याची मर्यादा इथे नाही, म्हणून ०.१ मिमीची तारही मिळते. पुन्हा गुणाकार करा: ०.१ मिमी म्हणजे १/३५० मध्ये ३५ मिमी, अगदी बरोबर. १/७०० मध्ये मात्र ७० मिमी, खऱ्याच्या सुमारे दुप्पट. तरीही डोळ्याला ती पटते, कारण प्लॅस्टिकच्या फूटभरापुढे ती कुठेच नाही. पण यातून एक गोष्ट निघते: १/७०० मध्ये जाडीची उधारी आधीच झालेली आहे, तिच्यावर रंग आणि गोंदाची भर टाकायची सोय नाही.

काम असे चालते. पत्रा व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे ठेवून साबणाने धुवा आणि वाळवा. पत्र्यावरच असताना प्रायमर आणि नौकेचा करडा रंग दोन्ही बाजूंनी फवारून घ्या. कापताना खाली मऊ रबरी चटई नको, ती दबते आणि भाग वाकतो. काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या, गोलाकार पात्याचे ब्लेड भागाला अगदी खेटून उभे दाबा. राहिलेला खिळा कानशीने एकाच दिशेने घासा, मागेपुढे केले की तार ओढली जाऊन मोडते.

लांबी पट्टीने मोजू नका. डेकच्या कडेला कागदाची अरुंद पट्टी लावून तिच्यावर कोपऱ्यांच्या खुणा करा, मग ती पट्टी कठड्याशेजारी ठेवून कापा. वळण नेहमी खांबापाशीच द्या. दोन खांबांच्या मधे वाकवले तर आडव्या तारा वेगवेगळ्या उंचीवर लवतात आणि कोपरा ढिला दिसतो. कोपऱ्यात दोन तुकडे एकमेकांवर चढवू नका, तिथे जाडी दुप्पट होते आणि नजर नेमकी तिथेच जाते. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, वक्र कडेसाठी कठडा आधी गोल पेन्सिलवर हलकेच फिरवून घ्या. जाड पत्र्याचा भाग गोल करायचा असेल तर तो रंगवण्याआधी मेणबत्तीवर दोन-तीन सेकंद तापवला की नरम पडतो. ०.१ मिमीच्या कठड्याला हे करू नका, क्षणात वितळतो किंवा काळा पडून मोडतो.

चिकटवताना गोंद बाटलीतून थेट कधीच नाही. फेविक्विकचा एक थेंब काचेवर काढा, सुईच्या नेढ्याचे वरचे टोक कापून बनलेल्या दुबेळक्यात त्याचा कण घ्या. आधी एका टोकाचा एकच खांब चिकटवा. मग कठडा डोळ्यासमोर आडवा धरून सरळ आहे का ते पाहा, आणि दर तिसऱ्या-चौथ्या खांबाशी कण टेकवत जा. गोंद जास्त झाला की दोन तारांमध्ये पापुद्रा धरतो. तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने ओढून घ्या, सुकला तर तो भाग काढून नवा लावणेच बरे. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी घालून वापरावे: चिकटायला वेळ लागतो, पण चूक पाण्याच्या ब्रशने सुधारता येते, आणि कठड्याला वजन पेलायचे नसते.

शेवटी आणखी एक बारीक गोष्ट. खऱ्या नौकेवर कठडा सलग नसतो. शिडी जिथे लागते, बोट जिथे उतरते, तोफ जिथे खाली झुकते तिथे तो तुटलेला किंवा साखळीचा असतो. आराखडा किंवा फोटो न पाहता चारी बाजूंनी कुंपण घातलेली नौका जाणकाराला लगेच ओळखू येते.

रंग, आणि आपला पावसाळा

ब्रशने दिलेला रंगाचा एक थर अंदाजे ०.०३ मिमी धरला, तर १/७०० मध्ये तो २ सेंमी झाला. तीन थर म्हणजे ६ सेंमी प्लास्टर. कष्टाने पातळ केलेली कड, कोरलेली खिडकी, सगळे त्यात बुडते. म्हणून एअरब्रश. ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ, अंतर ५ ते ८ सेंमी, आणि एका ओल्या थराऐवजी चार-पाच धुकट थर. एअरब्रश नसेल तर चांगल्या ब्रशने खूप पातळ केलेला ॲक्रिलिक रंग थर वाळवत वाळवत द्या. हे जमते, वेळ लागतो.

रंगाची छटाही प्रमाणाने बदलते. हातभर अंतरावरून १/७०० ची नौका पाहणे म्हणजे खरी नौका काही शे मीटरांवरून पाहणे. मधल्या हवेने रंग फिकट आणि निळसर होतो. त्यामुळे बाटलीतला करडा जसाच्या तसा दिला तर प्रतिकृती खेळण्यासारखी गडद दिसते. १/३५० ला दहाव्या भागाइतका आणि १/७०० ला पाचव्या-सहाव्या भागाइतका पांढरा मिसळण्याची पद्धत आहे. हे डोळ्याने ठरवावे, टक्क्यांवर हटून बसू नये.

आता इथल्या हवेचा प्रश्न. जून ते सप्टेंबर बेळगाव शहरात, आणि त्याहून कितीतरी जास्त खानापूर-कणकुंबीकडे, हवेत पाणी भरलेले असते. लॅकर रंग फवारला की त्यातले द्रावक झपाट्याने उडते. उडताना पृष्ठभाग थंड करते, थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ दव होऊन बसते आणि रंगात अडकते. दुसऱ्या दिवशी करड्या नौकेवर पांढरट धुरकट डाग दिसतात. हा रंगाचा दोष नव्हे. उपाय तीन: पावसाची उघडीप असलेल्या दिवशी दुपारी अकरा ते तीनमध्ये फवारणे, उशिरा उडणारे रिटार्डर थिनर वापरणे, आणि भाग आधी व नंतर बल्ब लावलेल्या खोक्यात चाळीस अंशांच्या आसपास उबेला ठेवणे. पन्नाशीच्या वर गेलात तर लांब धड पुन्हा वाकू शकते. कॉम्प्रेसरच्या पाणी धरणाऱ्या बाटलीतले पाणी दर अर्ध्या तासाने सोडा, नाहीतर नोझलमधून पाण्याचा थेंब सुटतो आणि तो नेमका डेकवर पडतो. निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत हा त्रास बराच कमी.

फेविक्विकही पावसाळ्यात वेगळे वागते. ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे पटकन धरते आणि भोवती पांढरी बुरशीसारखी झाक टाकते. गोंद कमी वापरणे आणि पंखा हळू ठेवून वाफ बाजूला जाऊ देणे, एवढे केले की पुरते. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला द्रावकाचा मास्क, कपड्याचा नव्हे. गाड्यांचा हार्डनर मिसळून वापरायचा दोन-घटकी रंग घरात कधीच फवारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.

गंज देताना हात आवरा. १/७०० मध्ये १ मिमी रुंदीचा ओघळ म्हणजे खऱ्या नौकेवर ७० सेंमीचा पट्टा. नांगराच्या भोकाखाली आणि डेकचे पाणी बाहेर पडते तिथे, तेलरंगाच्या बर्न्ट अंबर या तपकिरी छटेचा टिंब लावून थिनरच्या जवळजवळ कोरड्या ब्रशने खाली ओढा. बहुतेक जागी तो जेमतेम दिसला पाहिजे.

दोर आणि तारा

डोलकाठीपासून उतरणारे दोर सगळ्यात शेवटी. किटच्याच सांगाड्याचा, म्हणजे स्प्रूचा, तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवत धरा. मध्यभाग चमकून लिबलिबीत झाला की ज्योतीतून बाहेर काढा, एक क्षण थांबा आणि दोन्ही हात झटकन लांब करा. जितके झटकन, तितका धागा बारीक. केसापेक्षा बारीक धागा सहज निघतो. शिवणाचा सुती दोरा वापरू नये, त्याचे तंतू भिंगाखाली उसवलेल्या दोरखंडासारखे दिसतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी: १/३५० ला २५ मिमी, चालतो. १/७०० ला ५ सेंमी, जाड होतो.

धागा किंचित ढिला चिकटला तरी घाबरू नका. उदबत्ती पेटवून तिचे निखारलेले टोक धाग्याखाली सेंटिमीटरभर अंतरावरून सरकवा, ताणलेले प्लॅस्टिक आकसून धागा आपोआप ताठ होतो. जवळ नेली तर तुटतो. आणि प्लॅस्टिकची डोलकाठी असेल तर ताठ झालेला धागाच तिला वाकवतो, सतारीच्या तारेची किंवा पितळेची डोलकाठी असण्याचे खरे कारण हे.

समुद्र

दिवाळीत किल्ला करताना उतार कसा असावा हे जसे आपल्या पोरांना डोळ्याने कळते, तसे पाण्याचे बहुतेकांना कळत नाही. पाण्याचेही गणित आहे. खोल पाण्यात चालणाऱ्या नौकेच्या लाटा मागे पाचरीच्या आकारात पसरतात आणि त्या पाचरीची प्रत्येक बाजू नौकेच्या मार्गाशी साडेएकोणीस अंशांचा कोन करते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी हे दाखवून दिले. आश्चर्य असे की वेग बदलला तरी हा कोन सहसा तोच राहतो. वेगाने बदलते ती नौकेच्या अंगालगतच्या लाटांची लांबी. १२ नॉट (म्हणजे ताशी १२ सागरी मैल) वेगाला दोन शिखरांमधले अंतर २४ मीटर, २० नॉटला ६८ मीटर, ३० नॉटला १५२ मीटर. १/७०० मध्ये ही अंतरे ३५, ९७ आणि २१८ मिमी होतात.

म्हणजे ११५ मीटरची, प्रतिकृतीत १६४ मिमीची, विनाशिका ३० नॉटने धावते आहे असे दाखवायचे असेल तर एक मोठी लाट नाळेशी, मधोमध खोल उतरलेले पाणी, आणि पुढचे शिखर नौकेच्या मागे. अंगालगत चार-पाच छोट्या लाटा काढल्या तर ती १२ नॉटने चाललेली दिसेल, मागे कितीही फेस ओतला तरी. फेस करणाऱ्या बहुतेकांची चूक हीच: वेग दाखवायला पांढरा रंग वाढवतात, लाटेची लांबी बदलत नाहीत.

प्लायवुडच्या पाटावर चुरगळून पुन्हा उलगडलेला ॲल्युमिनियमचा कागद किंवा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर पसरा. नौका पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओल्यातच दाबून बसवा, सुकल्यावर काढून घ्या. म्हणजे तिचा खळगा नेमका बसतो. नाळेची लाट आणि मधला उतार याच वेळी टिश्यूच्या घड्यांनी उभा करायचा. रंग गडद निळा-हिरवा, नौकेलगत फिकट. मग चमकदार वार्निशचे तीन-चार थर. फेस शेवटी, कोरड्या ब्रशने, शिखरांवर आणि मागच्या पट्ट्यात.

झाकण बांधकाम सुरू असतानाच करून घ्या, नौका पूर्ण झाल्यावर नव्हे. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ उन्हाळ्यात बंद खोलीतही शिरते. धुळीचा ०.१ मिमीचा कण १/७०० च्या डेकवर सात सेंमीचा दगड होऊन बसतो. तो झटकायला ब्रश फिरवला की कठडा येतो हातात. मत्स्यटाकी करणारे काचवाले हवी त्या मापाची पेटी चिकटवून देतात: लांबी-रुंदीत नौकेभोवती पाच सेंमी, उंचीत डोलकाठीच्या वर तीन सेंमी मोकळे ठेवा, आणि पाटाला भोवताली खाच पाडून पेटी तिच्यात बसेल असे करा.